भरदुपारची रात्र

१

पौषात खडकदऱ्याच्या वाडीत अकरा माणसं उरली होती, आणि गुरुवारी सकाळी त्यांतलं एक पेवात मेलेलं सापडलं.

बाकी साठ घरांना कुलपं. नवराबायको मिळून एक कोयता, असे वाडीतले सगळे कोयते दिवाळी उरकून ऊसतोडीला गेलेले. कुणी कड्याच्या कारखान्यावर, कुणी पार कर्नाटकात. मांजरसुंब्याच्या चौकातून आत वळल्यावर आठ किलोमीटरमध्ये मला एक माणूस आडवा आला नाही. मी सहायक पोलीस निरीक्षक. वय छत्तीस, क्वार्टरमध्ये एकटी राहते, ढाब्यावरून डबा येतो. तेव्हा एकटेपणाचं मला फार कौतुक नाही. पण माझ्या खोलीत निदान शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाज येतो. इथे तोही नव्हता.

मेलेले गृहस्थ म्हणजे मोहनराव, वय एकाहत्तर. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं सहा महिने सांभाळायला त्यांनी एकेकाळी स्वतःच्या घरात वसतिगृह चालवलं होतं, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. घरामागे जुनं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार: तोंड एका माणसापुरतं, पोट रांजणासारखं, खोली दीड-दोन पुरुष. आता कुणी ते भरत नाही. सरांच्या पेवातही तळाला चारदोन पोती जुनी ज्वारी कुजत पडलेली, बाकी सगळं रिकामं.

दिपाली ही वाडीची आशाताई. ती रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला आली, तर चुलीपाशी शिळी भाकरी झाकलेली तशीच आणि सरांचा पत्ता नाही. मागे जाऊन पाहते तो पेवावर फरशी बसवलेली आणि फरशीखालून ओल्या बारदानाचं टोक डोकावतंय. तिनं अभिमन्यूला हाक मारली. दोघांनी फरशी सरकवली. सर तळाशी होते. उजवा घोटा मोडलेला, नखांत माती. पेवाच्या गळ्याला पाय द्यायला खोबण्या असतात, पण मोडक्या घोट्यानं चढणार कसं, आणि चढलं तरी आतून फरशी हलणार कशी?

म्हणजे कुणीतरी ढकललं आणि वरून झाकलं. मंगळवारी केव्हातरी, गुदमरून, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं.

नेट लावला तर ती फरशी एकट्यालाही सरकते, पण अंगात तेवढं बळ पाहिजे. वाडीत उरलेल्या दहांपैकी सात जणांना काठीशिवाय उठता येत नव्हतं. राहिले तीन. दिपाली, अभिमन्यू आणि जीवन.

अभिमन्यू चौतिशीचा, स्वतःचा टेम्पो असलेला. म्हाताऱ्यांची औषधं तोच आणायचा, त्यांना मोबाइलवर कारखान्यावरच्या लेकांची तोंडं तोच दाखवायचा. प्रत्येक म्हातारी मला सांगत होती की अभिमन्यू म्हणजे देवमाणूस. पेवाच्या कडेला मुरमाचा ढीग होता, तोही त्यानंच आणलेला. "सरांना पेव बुजवायचं होतं, मॅडम," त्यानं मी विचारायच्या आधीच सांगितलं. "सोमवारी दोन खेपा टाकल्या."

पंचनामा आटपला, फरशीखालचं बारदान जप्त झालं, सरांना दोराचा फास टाकून वर ओढलं आणि गाडीत घातलं. मी म्हटलं, हे झाका कुणीतरी, शेरडं पडतील. अभिमन्यूनं टेम्पोतलं सरकी पेंडीचं रिकामं बारदान घेतलं, हौदात बुचकळलं, चार घड्या घालून तोंडावर अंथरलं आणि वर फरशी ओढली. हात झटकून तो आमच्यासाठी चहा टाकायला गेला. काय नीटनेटका माणूस आहे, असं माझ्या मनात आलं. अशी माणसं मला आवडतात, कारण मी स्वतः तशी नाही.

गाडीत बसताना एका म्हाताऱ्यानं माझ्या हवालदाराची, रामकिसनची, बाही धरली.

"जीवन्याला धरा आधी," तो म्हणाला. "हे त्याचं दुसरं हाय."

२

पहिलं बावीस वर्षांपूर्वीचं. जीवन तेव्हा अकरा वर्षांचा, सरांच्या वसतिगृहातला. मुंजाजी नावाचा सहा वर्षांचा पोरगा त्या पेवात मेला आणि त्याच्यासोबत आत सापडला जीवन. सकाळीच दोघांची मारामारी झालेली. तीन वर्षं सुधारगृहात काढून जीवन बाहेर आला, मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर भांडी घासत मोठा झाला आणि मग वाडीत येऊन शेरडं राखू लागला. तीस शेरडं, आणि बोलायला एक माणूस नाही.

त्याची आई साखराबाई. तिच्याकडे मी आधी गेले, कारण आया लेकरांना वाचवायला खोटं बोलतात आणि खोट्यातून पुष्कळ कळतं. ही बोललीच नाही खोटं.

"न्या त्याला," ती म्हणाली. "मी आई हाय त्याची, पन मला भ्याव वाटतं. तो शेरडांत निजतो, मी घरात कडी लावून. बावीस वर्सं झाली बाई, त्याच्या डोस्क्यावरून हात फिरवला न्हाई मी."

"ऊसतोडीला तुम्ही त्याला घेऊन का नाही गेलात तेव्हा?"

"साळा बुडू नये म्हनून ठिवलं. चांगलं व्हावं म्हनून ठिवलं." पदर तोंडाशी नेऊन ती भिंतीकडे वळली.

मला हे लागलं. माझेही आईबाप ऊसतोडीचे. मला ते बरोबर नेत. मी पाचटाच्या कोपीत वाढले, उसाच्या फडात निजले, चौथीपर्यंत चार शाळा बदलल्या. आणि गावात मागे राहिलेल्या पोरांचा हेवा करत राहिले, की त्यांना पक्कं छप्पर आहे, शाळा आहे.

जीवन माळावर भेटला. खाली बघून बोलायचा, आणि एकेक शब्द विहिरीतून ओढल्यासारखा.

"सोमवारी सरांकडे गेला होतास?"

"त्यांनी बलिवलं. पोहे दिले. मंग रडाय लागले." त्यानं काठीनं माती उकरली. "मला वाटलं, मला माफ कराय बलिवलंय. मी पाया पडलो अन् आलो."

"कुत्र्याचं पिल्लू मारलं होतंस म्हणे लहानपणी."

"मारलंतं. माझी भाकरी खाल्ली त्यानं. मंग दोन दिस मी जेवलो न्हाई."

"आणि मुंजाजी?"

 एक शेळी येऊन त्याच्या हाताला नाक लावून उभी राहिली.

"मला आठवत न्हाई. सर म्हनले, तू गळा दाबला. समदेच म्हनले. दाबला असंल. अंधार व्हता. पेवात टाकलं की आधी फटीतनं उजेडाची एक रेघ दिसायची. मंग लगीच रात व्हायची."

"दुपारीच?"

"व्हय. भर दुपारी."

दिपालीनं वेगळं काही सांगितलं नाही. तीही तेव्हा त्याच वसतिगृहात, आठ वर्षांची होती. पाढे चुकले, अंथरूण ओलं झालं, आईसाठी रडलं, की पेव. "मला किती तरी वर्षं वाटायचं की जमिनीत दिवस लवकर मावळतो," ती हसून म्हणाली. "रेघ गेली की मी डोळे मिटून घ्यायची. आजबी दार लावून न्हाणीत जात नाही मी. सर मेल्याचं मला वाईट वाटलं नाही मॅडम, लिहून घ्या. पण मारलं मी नाही."

मी लिहून घेतलं. खरं बोलणाऱ्या बाईचा मला नेहमी थोडा संशय येतो.

अभिमन्यूकडे पुन्हा चहा झाला. आलं घातलेला, फक्कड. "मला पण टाकायचे की," तो कपात साखर ढवळत म्हणाला. "सगळ्यांनाच टाकायचे. त्यात काय एवढं? मी आपला फटीतल्या उजेडाकडं बघत बसायचो. उजेड सरकत सरकत भिंतीवर गेला की समजायचं, आता काढतील." कारखान्यावरच्या गमतीजमती सांगाव्यात तसं तो सांगत होता. "मुंजाजीचं वाईट झालं. आवाज लई बारीक होता पोराचा. आतून रडला की माठातून आल्यासारखा यायचा. अजून एक कप घ्या, मॅडम."

मी घेतला. तेवढ्यात साहेबांचा फोन आला: शनिवारी संध्याकाळपर्यंत जीवनला उचला, लोक तापलेत. लोक म्हणजे कोण, ते सात म्हातारे? पण तसं साहेबांना विचारायचं नसतं.

३

शुक्रवारी मी जुनी फाइल काढवली. मुंजाजीचा मृत्यू गुदमरून, एवढंच शवविच्छेदनात. गळ्यावर खुणा असल्याचा शब्द नाही. मग गळा आला कुठून? तो सगळ्यांनी आपापल्या मनानं लावला होता, आणि त्याला कारण होतं दोन जबाब. एक सरांचा, एक बारा वर्षांच्या अभिमन्यूचा. दोघांचं म्हणणं एकच: पोरं खेळताना पेवात उतरली, झाकण पूर्ण वेळ उघडंच होतं. झाकण उघडं, हवा मोकळी, तरी पोरगं गुदमरलं, म्हणजे दुसऱ्यानंच मारलं. जीवन झाकण बंद होतं म्हणत राहिला. अकरा वर्षांच्या भांडकुदळ पोराचं कोण ऐकतो? ‘मुलगा भांडकुदळ, जबाब विश्वासार्ह नाही’ हा फाइलीतला शेरा वाचून मला इतका संताप आला की मी कपाट लाथेनं बंद केलं.

अंबाजोगाईला माझी मैत्रीण उज्ज्वला मनोविकारांची डॉक्टर आहे. तिला फोन लावला आणि जीवनचा पाढा वाचला. आईबापापासून तुटलेला, कोंडलेला, मारकुटा, पिल्लू मारलेलं, माणसांत न मिसळणारा.

"पुस्तकातला खुनी आयताच सापडला की तुला," ती म्हणाली. "अगं, असं बालपण गेलेली बहुतेक माणसं आयुष्यभर कुणाच्या वाटेला जात नाहीत. स्वतःलाच खात बसतात. त्याला काय झालं ते तू सांगितलंस, त्याला काय वाटतं ते सांग."

"बोलताना अडखळतो. आठवत नाही म्हणतो. शेळ्या त्याच्या हाताला नाक लावतात."

"जखम असलेला अडखळणारच. त्याच घरातला, तेच भोगलेला, आणि अजिबात न अडखळणारा कुणी आहे का तिथे?"

फोन ठेवला. मग रामकिसनला बोलावलं. तो खेड्यातला, त्याच्या आजाच्या घरी पेव होतं.

"पेव झाकताना बारदान घालतात का रे?"

"कावून घालतील, मॅडम? कडबा घालत्यात, माती लिंपत्यात, वर फरशी. आन् वलं बारदान तर कुनीच न्हाई. खालचं धान्य नासंल की."

"मग सरांवर ओलं बारदान कशाला?"

"आवाज दाबाया असंल. म्हातारा वरडला असंल." तो डोकं खाजवू लागला. "पन वाडीत ऐकाया व्हतं तरी कोन? समदे बहिरे."

तेच तर. ऐकणारं कुणी नसताना ज्यानं बारदान घातलं, त्यानं विचार करून घातलंच नव्हतं. हातानं घातलं होतं. आणि काल तेच काम दोन हात करताना मी स्वतः उभं राहून पाहिलं होतं आणि वर कौतुकही केलं होतं. माझ्यासारखी शहाणी मीच.

"रामकिसन, उद्या दुपारी गाडी काढ. आणि कंदील घे."

४

शनिवारी दुपारी सगळे पेवापाशी जमले. दिपाली, अभिमन्यू, साखराबाई. जीवन लांब बांधावर उभा होता, जवळ येईना. त्याला मी हाताला धरून आणलं. तळवा घामानं भिजला होता.

फरशी बाजूला केली, बारदान काढलं. रामकिसननं कंदील पेटवला आणि दोरीनं आत सोडला. गळ्यापाशी तो नीट जळत होता. मध्यावर ज्योत पिवळी पडली. तळाला टेकायच्या आत विझली.

"कुजक्या धान्याची हवा जड असते," मी म्हटलं. "तळाशी साचते. म्हणून तर दिवा सोडल्याशिवाय पेवात उतरायचं नाही असं जुनी माणसं सांगतात. झाकण घट्ट असलं तर आणखी वाईट. जीवन, त्या दिवशी तू कुठं होतास आत?"

"वर. खोबनीत पाय देऊन. फरशीला तोंड लावून वरडत व्हतो."

"आणि मुंजाजी?"

"त्याचे पाय पुरत नव्हते. तो खाली."

"म्हणून तू जगलास आणि तो गेला. गळा कुणी दाबला नाही. त्याला मारलं झाकणानं." मी अभिमन्यूकडे वळले. "तुम्ही आत असताना उजेडाची रेघ दिसायची ना?"

"दिसायची की."

"शेवटपर्यंत?"

"हो."

"हे दोघं सांगतात की आत गेलं की लगेच रात्र व्हायची. त्यांना कारण ठाऊक नाही. फटीवर ओलं बारदान पडायचं, रस्त्यावर रडणं जाऊ नये म्हणून. आतल्याला फक्त अंधार कळायचा. बारदान ठाऊक असणार वरच्याला. आतलं रडणं माठातून आल्यासारखं येतं हेही वरच्यालाच ठाऊक. तुम्ही आत कधी नव्हताच, अभिमन्यू. तुम्ही झाकणावर बसायचा. सरांवरचं बारदान आणि तुमच्या टेम्पोतली बारदानं एकाच पेंडीच्या शिक्क्याची आहेत, तेही बघितलंय मी."

दिपालीनं त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं तो नाकारेल, चिडेल, पळेल. तो जरा विचारात पडला, एवढंच. हिशेब चुकल्यावर माणूस पडतो तसा.

"सर म्हणायचे, एक तर आत जा, नाही तर वर बस," तो म्हणाला. "मी वर बसलो. माझे पण आईबाप तोडीला गेले होते की, मॅडम. पहिल्या पहिल्यांदा कसंतरी व्हायचं. मग नाही व्हायचं."

"त्या दिवशी?"

"सर बीडला गेले होते. मी गोट्या खेळायला गेलो. काढायचं विसरलो." आवाजात चढउतार नव्हता. "सरांनीच सांगितलं, झाकण उघडं होतं म्हणायचं. बावीस वर्षं ठीक चाललं होतं. आता म्हातारपणी त्यांना रडायला यायला लागलं. म्हणाले, पेव बुजवतो आणि शुक्रवारी ठाण्यात जाऊन सगळं सांगतो. आता मला सांगा, त्यानं कुणाचं भलं होणार होतं? जीवन्याचं तर आधीच गेलेलं. पेवात सर सापडले तर लोक त्याचंच नाव घेणार, हे ठरलेलं."

"आणि बारदान?"

तो प्रथमच गोंधळला. "ते घातलं मी? असंल. ध्यानात नाही."

रामकिसननं त्याला गाडीकडे नेलं. जाता जाता त्यानं एका म्हातारीला सांगितलं, की तुझ्या गोळ्या टेम्पोत पुढच्या खणात आहेत. ती आशीर्वाद देत राहिली. एकाच घरात, एकाच मास्तराच्या हाताखाली दोन पोरं वाढली. एक अंधारात राहिला आणि आयुष्यभर स्वतःलाच गुन्हेगार समजला. एक उजेडात बसला आणि त्याच्या आतलं काहीतरी हळूहळू विझत गेलं. बारा वर्षांच्या त्या पोराचीही मला कीव येते, आणि चौतीस वर्षांच्या माणसाची येत नाही. याचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. 

जीवन पेवाच्या काठावर बसला होता. बावीस वर्षांत त्याच्या इतक्या जवळ तो पहिल्यांदाच आला असेल. मला वाटलं होतं, तो सुटल्यासारखा होईल, निदान श्वास तरी मोकळा घेईल. मी म्हटलं, "जीवन, तू काही केलेलं नाहीस. लेखी देईन मी. समजलं का?"

त्यानं मान हलवली.

"रडून रडून तो गप झाला," तो म्हणाला. "मी वरनं हाक मारली. वाटलं, निजला. म्हनलं निजू दे, निजला तर भ्याव वाटनार न्हाई त्याला." त्याचा आवाज फुटला. "मी उठिवलं न्हाई, मॅडम. मी उठवाया पायजे व्हतं."

 ज्याला सगळी वाडी काळीज नसलेला म्हणत होती, तो मोकळा झाल्याबरोबर मुंजाजीसाठी रडत होता, आणि इतकी वर्षं तेवढ्याही हक्कानं त्याला रडता आलं नव्हतं. मी तोंड फिरवलं. पोलिसानं रडायचं नसतं म्हणून नव्हे, त्या जागी माझं काही काम नव्हतं म्हणून.

साखराबाई इतका वेळ काठीला धरून उभी होती. ती हळूहळू खाली बसली, पुढे सरकली, हात उचलून त्याच्या डोक्यापर्यंत नेला आणि तिथंच अवघडून थांबली. मग ठेवला.

"तू तरी केवढा व्हतास रं," ती म्हणाली.